आक्षीच्या किनाऱ्यावरची ओहोटीची पक्षीनिरीक्षण फेरी : जाण्यापूर्वी काय ठाऊक असावे?

पश्चिमवारा (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मार्गशीर्षातल्या वद्य चतुर्थीला रविवार येत असल्यामुळे अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर एका अनुभवी पक्षीनिरीक्षकांनी ठेवलेल्या ओहोटीच्या फेरीसाठी मी तीन नावे नोंदवली आहेत : माझे, माझ्या ६८ वर्षांच्या आईचे आणि १० वर्षांच्या मुलीचे. सकाळी साडेसात वाजता सुरूच्या बनापाशी जमायचे आणि साधारण अकरा वाजता परतायचे, एवढेच आम्हाला कळवण्यात आले आहे.

नाव नोंदवूनही मनात धाकधूक आहे, कारण गेल्या हिवाळ्यातला अनुभव फारसा चांगला नव्हता. मुंबईतल्या एका चिखलाळ किनाऱ्यावर अशीच मार्गदर्शित फेरी होती. पहाटे उठून आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा पाणी इतके आत गेले होते की पक्षी म्हणजे कोणी तरी दूरवर मोहरी सांडून ठेवावी तसे दिसत होते, आणि सूर्य थेट डोळ्यांवर येत असल्याने त्या मोहरीचा रंगही कळत नव्हता. दोन तासांनी मुलीने शांतपणे विचारले, ‘बाबा, पक्षी कधी येणार?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारतो की किनाऱ्यावरचे पक्षी पाहण्यासाठी ओहोटीला जावे हे मुळात बरोबर आहे का, की भरतीला गेलेले चांगले? आमच्याकडे ८ × ४२ ची एकच दुर्बीण आहे. तेवढीवर भागेल का? आणि वाळूतून किती चालावे लागते? आईला रोज तासभर चालण्याची सवय आहे, परंतु त्या दिवशी तिचा संकष्टीचा उपास असेल.

पाणटिवळा

नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘ओहोटी’ही नाही आणि ‘भरती’ही नाही, ओहोटी संपून पाणी परत फिरते ते दोन तास, हे त्याचे खरे उत्तर आहे. ऐन ओहोटीला किनारा सर्वात रुंद असतो, त्यामुळे पक्षी त्या सगळ्या रुंदीवर विखुरलेले असतात आणि बहुतेक जण पाण्याच्या कडेला, म्हणजे आपल्यापासून सर्वात लांब असतात. ऐन भरतीला खाण्याची जागाच बुडालेली असल्यामुळे ते कुठे तरी कोरड्या वाळूवर थवा करून, एका पायावर उभे राहून झोपा काढत असतात. मधल्या काळात पाणी जसजसे वर चढते तसतसे ते चरत चरत आपल्या दिशेने सरकत येतात. आपण जागचे हलायचे नाही. पाणी त्यांना घेऊन येते.

यासाठी तिथीचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास भरती, आणि त्यांच्या मधोमध, नऊ-सव्वानऊच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते आणि सकाळची फेरी वाया जाते. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला, शिवाय भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी असल्यामुळे किनारा फारसा उघडाही पडत नाही. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहावे. परंतु आपल्या आयोजकांनी चतुर्थीचाच रविवार निवडला आहे यावरून त्यांना त्यांचे काम कळते, असे मी म्हणेन. उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्याने पाणीही बऱ्यापैकी आत जाईल.

आता आपल्या गेल्या वर्षीच्या फजितीविषयी. आपण जागेचे नाव दिलेले नाही, परंतु वर्णनावरून तो मुंबईच्या पूर्व अंगाचा, शिवडीच्या बाजूचा चिखल असावा असे वाटते. तिथला चिखल पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तिथे उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येणारच. तिथे दुपारनंतर, पाणी चढत असताना जावे. शिवाय त्या चिखलात पाय घालता येत नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो, म्हणून पाण्याच्या जवळ जाण्याचा पर्यायच नसतो. आक्षी याच्या नेमकी उलट आहे. किनारा पश्चिमाभिमुख, वाळू घट्ट, आणि सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, सुरूच्या झाडांमागून वर येतो. साडेनऊ ते अकरा या वेळात समोरच्या पक्ष्याच्या पायाचा रंगसुद्धा स्वच्छ दिसतो, आणि या पक्ष्यांच्या ओळखीत पायाच्या रंगाला मोठे महत्त्व आहे.

८ × ४२ ची दुर्बीण उत्तम आहे. १० किंवा १२ पटीची आणली असती तर मुलीचे हात थरथरून तिला काहीच दिसले नसते. लांबचे थवे पाहण्यासाठी तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण लागते आणि ती मार्गदर्शकाकडे असते. नसेल तर मात्र आधीच विचारून घ्यावे. वीस जणांत एक स्कोप असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो, म्हणून गटात किती माणसे आहेत हेही विचारण्यासारखे आहे.

अष्टागरचा रहिवासी

पाणटिवळा यांनी आकाशातले गणित सांगितले, मी वाळूवरचे सांगतो. आमचे घर या किनाऱ्यापासून जवळच आहे.

आक्षीची वाळू घट्ट असली तरी सपाट नाही. पाणी उतरताना किनाऱ्याला समांतर अशा उथळ पन्हळी राहतात आणि त्यांच्या पलीकडे वाळूची लांबट पाठ उघडी पडते. पक्षी बहुधा त्या पाठीवर असतात आणि हौशी मंडळी त्यांच्यामागे तिथे जातात. पाणी परत फिरल्यावर ते समोरून येण्यापूर्वी त्या पन्हळीतून, म्हणजे आपल्या पाठीमागून भरते. पहिल्या तासात ते हलल्यासारखेही वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात इतक्या वेगाने चढते की सकाळी घोटाभर असलेली पन्हळ कमरेपर्यंत जाते. जीवावर बेतण्याइतके हे क्वचितच होते, परंतु कॅमेरे डोक्यावर धरून परतणारे लोक मी पाहिले आहेत. मार्गदर्शक ‘आता मागे फिरा’ म्हणाला की फोटो अर्धा राहिला तरी फिरावे.

अनवाणी चालू नये. शिंपांच्या कडा कापतात, आणि पन्हळीच्या गढूळ पाण्यात कधी तरी पाकट हा चपटा मासा वाळूखाली दडून बसलेला असतो. त्याच्या शेपटीचा काटा लागला तर ती कळ माणूस विसरत नाही. पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून फरफटत पुढे सरकवला की तो आधीच निघून जातो, हे आमच्याकडची मुले लहानपणीच शिकतात. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला सर्वात बऱ्या. बुटांत पाणी शिरले की दिवसभर जडपणा सोसावा लागतो.

आपल्या मातोश्रींसाठी : जाऊन-येऊन चाल तीन किलोमीटरांच्या आतच होईल आणि तीही थांबत थांबत, त्यामुळे तासभर चालणाऱ्या व्यक्तीला ती जड जाणार नाही. जड जाते ते उभे राहणे. घडीची छोटी खुर्ची किंवा निदान एखादे जाड बसकर घ्यावे. सुरूच्या बनापलीकडे सावली नाही, आणि उपासाचे तर किनाऱ्यावर काहीच मिळत नाही, म्हणून शेंगदाण्याचे लाडू आणि पाणी सोबत असू द्यावे. मुंबईहून त्याच सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून साडेसातला आक्षीत पोहोचणे जमत नाही. आदल्या रात्री मुक्कामालाच यावे. वेळ उरलाच तर आक्षीचा शिलालेखही पाहून घ्यावा. शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा हा लेख मराठीतल्या आद्य लेखांपैकी एक मानला जातो, आणि तरीही पक्षी पाहायला येणारे त्याकडे पाहत नाहीत व लेख पाहायला येणारे समुद्राकडे पाहत नाहीत.

खाडीच्या तोंडाशी, साखर गावाच्या बाजूला, ओहोटीच्या वेळी बायका तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे काढताना दिसतील. पक्षी त्यांच्यापासून फारसे दूर पळत नाहीत, कारण त्या वाकून, एकाच जागी, शांतपणे काम करतात. पक्ष्यांच्या जवळ कसे असावे हे पाहायचे असेल तर त्यांच्याकडे पाहावे.

ओली वाळू

पाणटिवळा यांच्या म्हणण्यात मी थोडी दुरुस्ती सुचवू इच्छिते. पक्षी जवळून दिसावेत एवढाच हेतू असेल तर परतीचे पाणी हेच खरे. परंतु ते तिथे काय करतात हे समजून घ्यायचे असेल, आणि सोबत १० वर्षांची मुलगी असेल, तर उतरत्या पाण्यातला पहिला दीड तास मुळीच वाया घालवू नये. त्या वेळी वाळूवर त्यांचे ताट वाढलेले दिसते. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती इवल्याशा खेकड्यांनी वाळू चाळून टाकलेली असते. शेवयांच्या वेटोळ्यांसारखे ढीग दिसतील, ते खाली राहणाऱ्या किड्यांचे असतात. हे आधी दाखवले की लांब चोच आणि आखूड चोच यांतला फरक मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कर्ल्यूची खाली वळलेली लांबलचक चोच खेकड्याच्या बिळात खोल जाते. पाणटिवळा या पक्ष्याच्या चोचीचे टोक इतके संवेदनशील असते की ती चिखलात असतानाच त्याला भक्ष्य जाणवते आणि सगळी चोच न उघडता फक्त टोक उघडून तो ते पकडतो. टर्नस्टोन शिंपा आणि गोटे उलटून पाहतो. ऑयस्टरकॅचर, ज्याला मराठीत कालवफोड्या म्हणतात, त्याची नारिंगी-लाल चोच शिंपल्याच्या फटीत पाचरीसारखी शिरते. आक्षीला तो थोड्या संख्येने येतो आणि काळ्या-पांढऱ्या अंगामुळे नवख्यालाही लांबून ओळखता येतो, त्यामुळे मुलीला पहिल्यांदा तोच दाखवावा.

ओळखीच्या बाबतीत माझा सल्ला असा की पहिल्या फेरीत नावांच्या मागे लागू नये, चालीच्या मागे लागावे. चिखल्या चार पावले तुरुतुरु धावतो, एकदम थबकतो, बघतो आणि एकच टोच मारतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड असते, कारण तो पाहून खातो. तुतारी आणि टिलवा हे पक्षी न थांबता मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे टोचत जातात, कारण ते चाचपून खातात. एवढा एक भेद मनात बसला की निम्म्या किनाऱ्याचे कोडे सुटते. त्यानंतर सँडरलिंग पाहावा, जो या दोन्ही नियमांत न बसता मागे हटणाऱ्या लाटेच्या पाठीमागे धावतो आणि ती परत फिरली की तिच्यापुढे पळतो. त्याला मागचे बोट नसते, हे स्कोपमधून दिसले तर मुलीला दाखवाच.

वाळूवरचे छोटे चिखल्ये मात्र भल्याभल्यांना घाम फोडतात. मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असेल तर तो केंटिश चिखल्या. ती नसेल तर वाळूचिखल्या. त्यातही लहान आणि मोठा असे दोन, ज्यांचा फरक चोचीच्या लांबीवर आणि जाडीवर ठरतो. भरीत भर म्हणून २०२३ मध्ये ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या यादीत लहान वाळूचिखल्याचे सैबेरियन आणि तिबेटी असे दोन स्वतंत्र पक्षी झाले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा तो तिबेटी, जो लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर अंडी घालतो. म्हणजे आक्षीच्या एकाच फूटभर वाळूवर शेजारी शेजारी चरणारा एक पक्षी हिमालयापलीकडचा असतो आणि दुसरा, सँडरलिंग, थेट उत्तर ध्रुवाजवळचा. मला स्वतःला हे दृश्य कोणत्याही दुर्मीळ पक्ष्यापेक्षा अधिक थक्क करते.

पाणटिवळा

ओली वाळू यांची दुरुस्ती मान्य. मी सांगितले ते छायाचित्रकाराच्या नजरेने सांगितले, हे मला उत्तर वाचताना जाणवले.

पश्चिमवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. मुलगी उत्साही आहे आणि किनारा दिसला की धावत सुटते. थवा उडाला तर तो परत येतोच ना? मग त्यात एवढे काय बिघडते, असे तिने विचारले तर काय सांगावे?

खारफुटी

हा प्रश्न मोठ्यांनीही विचारायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो.

थवा परत येतो, परंतु फुकट येत नाही. या पक्ष्यांना चरायला दिवसाचे सगळे तास मिळत नाहीत. ओहोटी देईल तेवढेच मिळतात, आणि म्हणूनच ते रात्रीच्या ओहोटीलाही चरतात. त्या तासांतून एक उड्डाण म्हणजे खाल्लेले खर्च होणे आणि खाण्याची वेळ जाणे असे दुहेरी नुकसान असते. ऑगस्ट-सप्टेंबरात ते दमून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात. या दोन्ही काळांत हे नुकसान अधिक जाणवते. एका माणसाने एकदा उडवले तर काही होत नाही. परंतु रविवारी सकाळी किनाऱ्यावर घोडागाडी, चारचाकी, मोकाट कुत्रे, पतंग आणि त्यानंतर आपण, असे सगळे एकामागून एक येतात, आणि पक्ष्याला त्यांतला शहाणा कोण हे कळत नाही.

मुलीला एक खेळ शिकवावा. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की जागीच थांबायचे. त्या परत खाली गेल्या की तिथेच बसायचे, पुढे जायचे नाही. माना वर होऊन सगळे एकाच दिशेला चालू लागले तर आपण आधीच फार जवळ आलो आहोत, मग दहा पावले मागे. मी मुलांच्या गटांत हा खेळ घेतो आणि मोठ्यांपेक्षा मुलेच तो जास्त प्रामाणिकपणे खेळतात.

काळजीचे कारण खरेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत किनाऱ्यावरच्या अनेक स्थलांतरित पक्ष्यांना अधिक धोक्याच्या वर्गात टाकण्यात आले. करडा चिखल्या तोपर्यंत ‘चिंता नको’ या वर्गात होता, तो एकदम ‘असुरक्षित’ ठरला. वाकड्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपरही ‘असुरक्षित’ झाला, आणि टर्नस्टोन ‘संकटसमीप’ झाला. ग्रेट नॉट तर २०१५ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. हे सगळे पक्षी आपल्या किनारपट्टीवर दिसतात, म्हणून फेरीत मोजलेली संख्या आयोजकांकडून ईबर्डवर नोंदवली जाते का, हे विचारून घ्या. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही हौशी माणसे सहभागी होऊ शकतात. ही गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहे.

आईंना वाळूत चालणे कधी नकोसे झाले तर ऐरोलीहून ठाणे खाडीत होणारी नौकाफेरीही लक्षात ठेवावी. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला, आणि तिथल्या नौकांच्या वेळा भरती-ओहोटीवरच ठरतात.

पश्चिमवारा

फेरी झाली. आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्यामुळे झालेला वृत्तान्त कळवणे माझे कर्तव्य आहे.

आम्ही आदल्या रात्री मुक्कामाला होतो. साडेसातला बनापाशी चौदा माणसे आणि दोन स्कोप होते. पहिला तासभर आम्ही पक्षी जवळजवळ पाहिलेच नाहीत. मार्गदर्शकांनी आम्हाला खाली पाहायला लावले. खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी पाहून आई म्हणाली, ‘ही तर कोणी तरी ठिपक्यांची रांगोळी घातली आहे,’ आणि त्यानंतर तिला वाळूवर पाय टाकायचा संकोच वाटू लागला. पाण्याची कड गाठली तेव्हा साडेनऊ होत आले होते आणि थवे अजून बरेच लांब होते. मागच्या वर्षीची मोहरी आठवून माझा जीव खालीवर होऊ लागला. मार्गदर्शकांनी सर्वांना बसायला सांगितले आणि ते स्वतःही बसले.

पाऊण तास काहीही झाले नाही. नंतर पन्हळीत पाण्याची एक बारीक जीभ शिरली, आणि पलीकडच्या पाठीवरचे चिखल्ये आमच्या बाजूला येऊ लागले, एकदम नव्हे, चार चार पावलांनी. साडेदहाच्या सुमारास सँडरलिंगचा एक लहान थवा आमच्यापासून वीसेक पावलांवर लाटेपुढे पळत होता आणि मला दुर्बिणीची गरजच उरली नव्हती. मागचे बोट मात्र आम्हाला कोणालाही पाहता आले नाही, ते फार जोरात पळतात. कालवफोड्ये तीन दिसले, स्कोपमधून. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) पुष्कळ होते, परंतु त्यांच्यातले भेद माझ्या डोक्यावरून गेले. करडा चिखल्या एकच दिसला, आणि तो ईबर्डवर नोंदला गेल्याची खात्री मुलीने स्वतः करून घेतली.

माना वर करण्याचा खेळ तिने फारच मनावर घेतला. एक गृहस्थ मोठी लेन्स घेऊन पुढे सरकू लागले तेव्हा तिने त्यांना कुजबुजत, परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘काका, माना वर झाल्या आहेत.’ काका थांबले. दोन मिनिटांनी एक कुत्रा धावत आला आणि सगळा थवा उडाला, तो भाग वेगळा.

एक चूक माझ्याकडून झाली. खुर्ची न्यायला विसरलो, त्यामुळे आईला ओल्या वाळूवर प्लास्टिकची पिशवी अंथरून बसावे लागले. तिची तक्रार काही नव्हती. परतताना तिने गाडीतच दिनदर्शिका काढून पुढची वद्य चतुर्थी कधी आहे ते पाहिले. ती मंगळवारी आली आहे, म्हणजे अंगारकी. ओहोटीही पुन्हा सकाळी नऊच्याच सुमाराची, मला फक्त रजा टाकावी लागेल. परंतु त्या दिवशी आधी गणपतीचे दर्शन आणि मग चिखल्ये, असे तिने सांगितले आहे, आणि दर्शनाची रांग पाहता आम्ही किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत भरती आलेली असेल.